आधी प्रश्न, मग तपासणी

१९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटा लेख आला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत काही विलक्षण माणसे आढळली होती. रक्तगटाच्या नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त सरळसरळ 'ओ' गटाचे दिसत होते. तांबड्या पेशींवर 'ए' नाही, 'बी' नाही, म्हणजे गट ओ. पाठ्यपुस्तकात दुसरा पर्यायच नव्हता. पण याच माणसांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी मिसळल्या की त्या एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे होत. ओ गटाचे रक्त यांना चालेना, ए आणि बी तर नाहीच. पुढे उलगडा झाला तो असा, की 'ए' आणि 'बी' हे दोन्ही घटक ज्या पायावर बांधले जातात तो 'एच' नावाचा घटकच या माणसांत तयार होत नाही. ओ गटाच्या पेशींवर मात्र तो भरपूर असतो, आणि त्याच्याविरुद्ध यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार असतात. अशा माणसाला ओ रक्त चढवले तर ते जिवावर बेतू शकते.

या गटाला आज जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो. रक्तपेढीत गट ठरवताना पेशींची तपासणी होते तशी रक्तद्रवाचीही उलट बाजूने तपासणी होते आणि दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय गट लिहीत नाहीत. हा गट दुहेरी तपासणीतच उघड होतो.

या हकिकतीत एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिली तपासणी चुकलेली नव्हती. 'पेशींवर ए किंवा बी आहे का?' एवढेच तिला विचारले होते आणि तिने 'नाही' असे अचूक उत्तर दिले. 'म्हणून हा ओ गट' हा पुढचा निष्कर्ष माणसांनी काढलेला होता. प्रयोगशाळेतली प्रत्येक तपासणी अशा एका अरुंद प्रश्नाचे उत्तर देते. त्या उत्तरापासून निदानापर्यंतचे अंतर यंत्र चालत नाही. ते डॉक्टरला आणि रुग्णाला चालावे लागते. पुढील प्रकरणांत एकेका तपासणीचा तपशील येईल. ही प्रस्तावना त्या मधल्या वाटेबद्दल आहे.

तपासणी ही मुळात शंकेतून जन्मलेली गोष्ट. मधुमेहाच्या रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत नोंदलेले आहे. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने अशा रुग्णाची लघवी आटवून तिच्यातली साखर दाखवून दिली आणि रक्तद्रवही गोड असतो हे नोंदवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॅन्ले बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. परीक्षानळीत त्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. निळ्याचा हिरवा, पिवळा, नारिंगी आणि साखर फारच असेल तर विटकरी रंग होई. कित्येक मराठी घरांतल्या जुन्या मंडळींनी हे आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टोव्हवर केलेले असेल. या तपासणीला वेळ लागे, हात लागे. त्यामुळे मधुमेहाची शंका असल्याशिवाय ती कोणी करत नसे.

१९५७ साली चित्र पालटले. अमेरिकेतल्या लिओनार्ड स्केग्ज यांनी बनवलेले 'ऑटोॲनलायझर' हे यंत्र बाजारात आले. नमुने एकापाठोपाठ एक नळीतून वाहू लागले, आणि साठच्या दशकात तर एका नमुन्यावर बारा तपासण्या, तासाला साठ नमुने, अशा वेगाने काम करणारी यंत्रे आली. एक तपासणी करणे आणि बारा करणे यांत खर्चाचा फारसा फरक उरला नाही. डॉक्टरने विचारले असेल फक्त युरियाचे, पण कागदावर सोबत कॅल्शियम, बिलिरुबिन आणि कोलेस्टेरॉलही छापून येऊ लागले. प्रश्न न विचारता उत्तरे हाती पडण्याचा काळ तिथून सुरू झाला. सणासुदीच्या सवलतीत विकली जाणारी 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजेस हे त्याच काळाचे आजचे रूप.

अशा न मागितलेल्या आकड्यांचे करायचे काय? त्यासाठी 'नॉर्मल' म्हणजे काय हे ठरवणे भाग होते. १९६९ साली फिनलंडच्या राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस यांनी 'नॉर्मल' या शब्दाऐवजी 'संदर्भमूल्य' ही कल्पना मांडली. निरोगी वाटणारी माणसे निवडायची, त्यांची तपासणी करायची, आलेले आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळायचे. मधले ९५ टक्के ती संदर्भ मर्यादा. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेली 'नॉर्मल रेंज' बहुतेक तपासण्यांत अशी येते.

याचा सरळ अर्थ असा, की शंभर निरोगी माणसांपैकी पाच जण मर्यादेबाहेर पडणारच. मर्यादा आखतानाच ते ठरलेले आहे. आता एकाच माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर सगळ्या मर्यादेत येण्याची शक्यता उरते सुमारे ३६ टक्के. म्हणजे धडधाकट माणसाच्या रिपोर्टवरही कुठेतरी एखादा आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी थोड्याफार जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो. पण सत्तर तपासण्यांच्या पॅकेजात एकाही आकड्याशेजारी 'कमी-जास्त'चा बाण न येणे हीच दुर्मीळ गोष्ट. त्या बाणापायी रात्रभर झोप न लागलेली माणसे सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसलेली असतात, आणि त्यांची भीती खरी असते. त्यातल्या अनेकांना पुन्हा तपासणी, मग सोनोग्राफी, मग आणखी काही, अशा साखळीतून जावे लागते.

काही मर्यादा मात्र वेगळ्या जातीच्या असतात. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, ही रेघ निरोगी लोकांच्या ९५ टक्क्यांवरून आखलेली नाही. त्या पातळीच्या आसपास डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा वाढू लागते, असे निरीक्षणांतून दिसले, म्हणून ती आखली. कोलेस्टेरॉलच्या मर्यादाही हृदयविकाराच्या धोक्यावरून ठरल्या आहेत. रिपोर्टवर दोन्ही प्रकारच्या मर्यादा एकाच रकान्यात, एकाच टाइपात छापलेल्या असतात. वाचणाऱ्याला हा भेद माहीत नसेल तर किंचित वाढलेले एखादे एन्झाइम आणि १४० ची उपाशी साखर त्याला सारखीच वाटते. पहिले अनेकदा काहीच नसते, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

उलटही घडते. आकडा मर्यादेत असतो आणि तरी माणूस आजारी असतो. क्रिएटिनीनचे उदाहरण घेऊ. हा पदार्थ स्नायूंतून येतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. पंचविशीतल्या तरुणाचे क्रिएटिनीन १.१ आले तर आज वापरल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे त्याच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर निघते. तेच १.१ सत्तर वर्षांच्या बाईचे आले तर सुमारे ५४. अंगाने अगदीच बारीक असेल तर प्रत्यक्षातली क्षमता त्याहूनही कमी असू शकते, कारण मुळात स्नायूच थोडे. बऱ्याच लॅबच्या मर्यादेत १.१ बसते, म्हणून कागदावर बाण नाही. त्या आजींना गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी चालू असेल तर ती गोळी ही क्षमता ५४ वरून आणखी खाली नेऊ शकते, आणि ठळक अक्षर उमटेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवायचे. ज्याचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे १६ राहिले आहे त्या पुरुषाचे ते १३.२ झाले, तर छापील मर्यादेत असूनही ही घसरण आहे, आणि साठीनंतर आतड्यातून कुठे रक्त जाते आहे का, हे पाहायला हवे.

प्रत्येक आकडा स्वतःच्या स्वभावाप्रमाणे हलतोही. रक्तातले सोडियम निरोगी माणसात एक टक्काही इकडेतिकडे होत नाही. थायरॉइडच्या तपासणीतले टीएसएच मात्र त्याच माणसात, काही आजार नसताना, वीसेक टक्क्यांनी सहज खालीवर होते. दिवसाच्या वेळेप्रमाणेही बदलते. टीएसएच ४.८ चे ५.४ झाले म्हणून थायरॉइडची गोळी वाढवणे घाईचे ठरते.

आता या विषयाच्या गाभ्याशी यायला हवे. १९७८ साली हार्वर्डच्या शिक्षण-रुग्णालयांतले डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी अशा ६० जणांना एक प्रश्न विचारला गेला. एक रोग हजारात एकाला होतो. त्याची तपासणी निरोगी माणसांतल्या पाच टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. एखाद्याची काहीच माहिती नसताना त्याची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला तो रोग असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांनी दिलेले उत्तर होते ९५ टक्के. बरोबर उत्तर साधारण दोन टक्के, आणि ते साठांपैकी फक्त ११ जणांना देता आले.

हिशेब अवघड नाही. हजार माणसे घ्या. खरा रोगी एक. उरलेल्या ९९९ पैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे ५० जण, चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५१, त्यांत खरा एकच. आता तीच तपासणी अशा हजार जणांवर करा, ज्यांची लक्षणे पाहून डॉक्टरला निम्म्यांत रोग असेल असे वाटते. रोगी ५००, ते सगळे सापडले असे धरू. निरोगी ५००, त्यांतले चुकून पॉझिटिव्ह २५. आता पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला रोग असण्याची शक्यता ९५ टक्के. तपासणी तीच, किट तेच, यंत्र तेच. बदलली ती फक्त तपासणीआधीची शंका. रुग्णाची विचारपूस, त्याला हात लावून तपासणे, गावात कोणती साथ आहे याची माहिती या सगळ्यांतून ती शंका तयार होते, आणि तिच्यावरच रिपोर्टचा अर्थ उभा राहतो. नाडी पाहून, पोट दाबून, चार प्रश्न विचारून मग तपासणी लिहिणारा डॉक्टर जुन्या वळणाचा नसतो. तो तपासणीला अर्थ देत असतो.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पद्धतीत हा विचार उघड दिसतो. एड्ससारखी लक्षणे असलेल्या माणसात एचआयव्हीचे निदान दोन वेगवेगळ्या तपासण्या पॉझिटिव्ह आल्यावर केले जाते. काहीच लक्षण नसलेल्या माणसात तिसरीही वेगळी तपासणी पॉझिटिव्ह यावी लागते. शंका कमी तिथे पुरावा जास्त मागायचा. एका किटवरच्या रेघेने कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ नये, ही त्यामागची काळजी.

निगेटिव्ह रिपोर्टचीही हीच गोष्ट, आणि ती सगळ्यांनी अनुभवलेली आहे. कोविडच्या रॅपिड अँटिजन किटला जून २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मान्यता दिली तेव्हाच तिने सांगितले होते, की हे किट खरे रुग्ण पकडण्यात ५०.६ ते ८४ टक्के यशस्वी ठरते, तर निरोगी माणसाला निगेटिव्ह सांगण्यात ९९.३ ते १०० टक्के. म्हणून पॉझिटिव्ह आला तर खरा धरा, पण लक्षणे असून निगेटिव्ह आला तर आरटी-पीसीआर करा, अशी स्पष्ट सूचना होती. समजा ताप, खोकला आणि गेलेला वास घेऊन शंभर माणसे आली आणि त्यांतल्या ८० जणांना खरोखर संसर्ग आहे. किटने साठ टक्के पकडले तर ३२ जण सुटतात. एकूण निगेटिव्ह सुमारे ५२, आणि त्यांतले ३२ संसर्ग घेऊन घरी जातात. त्या दिवसांत 'निगेटिव्ह आलोय' म्हणून लग्नाला, अंत्यविधीला गेलेल्या माणसांनी नकळत काय वाटले, हे अनेक कुटुंबांना माहीत आहे.

भारतात या अज्ञानाची सर्वांत मोठी किंमत कदाचित विडाल तपासणीने वसूल केली असेल. फ्रेंच वैद्य फर्नां विडाल यांनी १८९६ साली ती पुढे आणली. विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या, जंतूंविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का हे ती पाहते. तिच्या काळात ती मोठी झेप होती. पण ज्या भागात टायफॉइड कायम वस्तीला असतो तिथे निरोगी माणसांच्या रक्तातही थोडीफार प्रतिपिंडे असतात. पूर्वी होऊन गेलेला आजार, घेतलेली लस किंवा दुसराच एखादा संसर्गही ती वाढवू शकतो. उलट खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे तयारच झालेली नसतात, त्यामुळे नेमकी गरज असते तेव्हा तपासणी निगेटिव्ह येते. आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रमाण चौपट वाढले का हे पाहिले तर तिला काही अर्थ. तसे जवळजवळ कोणीच करत नाही. तापाच्या दुसऱ्या दिवशी रक्त जाते, संध्याकाळी '१:८०' असा रिपोर्ट येतो, आणि रुग्ण 'टायफॉइड निघाला' म्हणून सलाइन आणि इंजेक्शने घेत पडून राहतो. खरा आजार डेंग्यू, मलेरिया किंवा लेप्टो असला तर मोलाचे दिवस जातात. आणि गरज नसताना वापरलेल्या प्रत्येक प्रतिजैविकाने जंतू आणखी निर्ढावतात.

टायफॉइडचा खरा पुरावा मिळतो रक्ताच्या कल्चरमधून, आणि तेही प्रतिजैविक सुरू करण्याआधी, शक्यतो पहिल्या आठवड्यात घेतले तर. तेव्हाही ते साधारण निम्म्या रुग्णांतच जंतू दाखवते. पण दाखवते तेव्हा जंतूचे नावही सांगते आणि कोणते औषध चालेल हेही.

क्षयाच्या बाबतीत सरकारने याहून कठोर पाऊल उचलले. क्षयाची प्रतिपिंडे शोधणाऱ्या रक्ततपासण्या खासगी लॅबमधून मोठ्या प्रमाणावर होत होत्या. निरोगी माणसांना त्या क्षयरोगी ठरवत आणि क्षयरोग्यांना निरोगी. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये त्या वापरू नका असे बजावले आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची निर्मिती, विक्री आणि आयात बंद केली. रुग्णहिताचा असा ठाम निर्णय विडालबाबत झाला नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. आज क्षयाच्या शंकेसाठी थुंकीतून जंतूचे जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट तपासणी आहे; दोन तासांच्या आत ती रिफाम्पिसिन हे औषध चालेल की नाही हेही सांगते.

वेळेचे गणित डेंग्यूत तर दिवसादिवसाने बदलते. एनएस-१ ही तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. आयजीएम ही प्रतिपिंडांची तपासणी पाचव्या दिवसानंतर. तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आला म्हणून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. आणि मग प्लेटलेट. पावसाळा आला की महाराष्ट्रातल्या घराघरांत हा एक आकडा शेअर बाजाराच्या निर्देशांकासारखा रोज सकाळ-संध्याकाळ पाहिला जातो. 'साठ हजारांवर आल्या, बाटली लागेल का?' असे नातेवाईक हात जोडून विचारतात. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवण्याची सहसा गरज नसते. डेंग्यूत खरा धोका असतो रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा, आणि त्याची खूण त्याच सीबीसीच्या कागदावर दोन-चार ओळी वर छापलेली असते: हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा. ते मूळच्या वीस टक्क्यांनी वाढले तर रक्त घट्ट होते आहे, हे ओळखून द्रव देण्याचे नियोजन करावे लागते. हे बहुधा ताप उतरतो त्याच सुमाराला घडते, म्हणजे घरच्यांना हायसे वाटते नेमके तेव्हा.

प्लेटलेटबाबत आणखी एक. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे रसायन असते. काही माणसांच्या प्लेटलेट या रसायनात एकमेकींना चिकटतात. यंत्र गठ्ठ्याला एक मोजते आणि धडधाकट माणसाच्या प्लेटलेट चाळीस हजार येतात. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला ते गठ्ठे लगेच दिसतात. यंत्राने दिलेला धक्कादायक आकडा डोळ्यांनी पडताळणे हे चांगल्या लॅबचे लक्षण.

इथून नमुन्याच्या प्रवासाकडे वळायला हवे, कारण बहुसंख्य चुका तिथे होतात. इटलीतल्या पदुआच्या रुग्णालयातल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅबशी संबंधित चुकांपैकी ६८ टक्के नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या आधीच्या निघाल्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या जेमतेम १३ टक्के. नळीवर चुकीचे नाव, चुकीच्या झाकणाची नळी, सुई लावताना फुटलेल्या पेशी. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम खच्चून भरलेले असते. पेशी फुटल्या की ते रक्तद्रवात उतरते आणि रुग्णाचे पोटॅशियम घातक पातळीला गेल्याचे कागदावर दिसते. साखरेसाठी घेतलेले रक्त साध्या नळीत तसेच राहिले तर पेशी ती साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी खात राहतात. सकाळी खेड्यातल्या कलेक्शन सेंटरवर घेतलेला नमुना मोटारसायकलवरून दुपारी तालुक्याला पोहोचतो, तोवर मधुमेही माणसाचा आकडा मर्यादेत येऊन बसलेला असू शकतो. राखाडी झाकणाच्या नळीतले फ्लोराइड यासाठीच असते.

माणसाने पोटात घेतलेल्या गोष्टीही आकडे फिरवतात. केसांसाठी आणि नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असते. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम, गोळीत पाच ते दहा हजार. अनेक यंत्रांतली रासायनिक प्रक्रियाच बायोटिनवर आधारलेली आहे, त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि थायरॉइडची संप्रेरके खोटी जास्त दिसतात. नसलेला थायरॉइडचा आजार कागदावर उभा राहतो. हृदयविकाराच्या झटक्यात वाढणारे ट्रोपोनिनही खोटे कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला, तेव्हा अशा एका रुग्णाच्या मृत्यूची नोंदही केली होती.

मधुमेहींच्या ओळखीचे एचबीए-वन-सी हेही सगळीकडे सारखे बोलत नाही. इराणी डॉक्टर सॅम्युअल राहबर यांना १९६८ साली मधुमेहींच्या रक्तात हे निराळे हिमोग्लोबिन आढळले. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्यावर साखर चढत राहते, या गृहीतावर ही तपासणी उभी आहे. लोहाच्या कमतरतेत ते प्रमाण खोटे वाढू शकते, आणि आपल्याकडे अशा बायकांची संख्या प्रचंड. उलट सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, म्हणून ते खोटे कमी येते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, जिथे सिकलसेल घरोघरी माहीत आहे, तिथे फक्त या एका आकड्यावर मधुमेह नाकारणे धोक्याचे. तिथे उपाशी आणि जेवणानंतरची साखरच पाहायला हवी.

कर्करोगाच्या 'मार्कर'बद्दल थोडक्यात पण ठासून सांगितले पाहिजे. सीए-१२५ बीजांडकोशाच्या कर्करोगात वाढते. ते पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या क्षयातही वाढते. पोटात पाणी झालेल्या, वजन उतरलेल्या तरुणीचे सीए-१२५ काही शे आले तर भारतात क्षयाचा विचार झालाच पाहिजे. तो गोळ्यांनी बरा होतो. पॅकेजमध्ये हौसेने असे मार्कर तपासून घेणे कोणाच्याही हिताचे नाही.

एवढे वाचून तपासण्यांवरचा विश्वास उडू नये. नवजात बाळाची टीएसएच तपासणी घ्या. बाळ गोंडस दिसते, दूध पिते, लक्षण काहीच नाही. पण जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या काही आठवड्यांत ओळखून गोळी सुरू केली तर ते मूल शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकते, नाही तर कायमचे मतिमंद होऊ शकते. इथे प्रश्न स्पष्ट आहे, उपाय स्वस्त आहे, आणि वेळही ठरलेली आहे: जन्मानंतर लगेच टीएसएच आपोआप उसळी घेते, म्हणून टाचेचे रक्त दोन-तीन दिवसांनी घ्यायचे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात ही तपासणी व्हायला हवी.

लॅबची गुणवत्ताही आभाळातून पडत नाही. १९४७ साली अमेरिकेत बेल्क आणि संडरमन यांनी एकसारखे नमुने पेन्सिल्व्हेनियातल्या अनेक रुग्णालयांच्या लॅबना पाठवले, तेव्हा आलेली उत्तरे एकमेकांपासून भयावह दूर होती. दर्जा बाहेरून तपासण्याची पद्धत त्यातून रुजली. भारतात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशी योजना चालवते; लॅबना अज्ञात नमुने येतात, त्यांची उत्तरे इतरांशी ताडून पाहिली जातात. लॅबचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता हेही असेच एक बंधन. रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले. स्वस्त पॅकेज निवडताना ही सही कोणाची आहे, हे पाहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

वाचकांना एक कळकळीची विनंती. तपासणीची चिठ्ठी हातात पडली की लॅबकडे निघण्याआधी डॉक्टरांना शांतपणे विचारा: यातून तुम्हाला काय शोधायचे आहे, आणि उत्तर हो आले किंवा नाही आले तर माझ्या उपचारात काय बदलेल? रक्त देताना चालू असलेली सगळी औषधे सांगा. केसांच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, सगळे. रिपोर्ट मोबाइलवर आला तरी त्याचा अर्थ मोबाइलवर शोधू नका. जुन्या कागदांसह तो ज्यांनी तपासणी लिहिली त्यांच्याकडे घेऊन जा. मात्र लॅबने स्वतः फोन करून 'ताबडतोब डॉक्टरांना दाखवा' असे सांगितले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. पोटॅशियम साडेसहाच्या वर गेल्याची शंका असेल तर नमुना पुन्हा तपासणे आणि ईसीजी काढणे ही दोन्ही कामे त्याच तासात व्हायला हवीत.